सातजणींची कैफियत



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयापासून राज्यघटनेपर्यंत अनेक भारदस्त विषयांचा ऊहापोह झालेला असताना, अचाट सामर्थ्याच्या स्त्रियांच्या एखाद्या पथकावर चित्रपट काढावयाचा तर तो कसा असावा आणि त्या पथकाचे चाहते त्याविषयी काय म्हणतात, हा विषय मी कळविला तेव्हा संयोजकांपैकी एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांच्या कपाळावर जी आठी उमटली ती अजून पुरती मावळलेली नाही, हे मला येथूनही दिसते आहे. त्यांच्या समाधानासाठी आरंभीच एवढे सांगतो की हा विषय दिसतो तितका पोरकट नाही आणि वाटतो तितका परदेशीही नाही. त्याचे सर्वांत जुने दप्तर संस्कृतात आहे, त्याची शिल्पे वेरूळास आहेत, आणि त्यातले सर्वांत अवघड प्रकरण तर आपल्याच नागपूर शहराच्या जिल्हा न्यायालयात घडलेले आहे.

प्रथम चाहत्यांविषयी बोलतो. एखाद्या कथेवर वर्षानुवर्षे जीव लावून बसलेला वाचक जेव्हा तिचा आता चित्रपट होणार असे ऐकतो, तेव्हा त्याची अवस्था वडिलार्जित वाड्याच्या दारात सरकारी मोजणीदार साखळी घेऊन उभा राहिलेला पाहणाऱ्या म्हाताऱ्या मालकासारखी होते. दस्तऐवजावर नाव कोणाचेही असो, वहिवाट आपली आहे ही त्याची खात्री असते, आणि मोजणीदाराने पहिले पाऊल टाकण्याआधीच त्याची हरकत लिहून तयार असते. मराठी माणसाला ही अवस्था नवी नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली पडद्यावर आला तेव्हा आपल्या लहानपणीचा तो शाळकरी पोरगा एकदम मिशा फुटलेला तरुण झालेला पाहून पन्नाशीतल्या गृहस्थांनाही विश्वासघात झाल्यासारखे वाटले. त्याच्या दोनच वर्षे आधी 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र पिंगा घालताना पाहून पेशव्यांच्या वंशजांसह अनेकांनी जाहीर निषेध नोंदविला. पेशव्यांच्या घरच्या स्त्रिया अशा नाचतील काय, अशी नेसण नेसतील काय, हा त्या निषेधाचा आशय होता.

या तक्रारींचा मी उपहास करीत नाही. तक्रार करणारा प्रेक्षक हा निदान जागा असलेला प्रेक्षक असतो. परंतु तक्रारींची प्रतवारी लावावी असे मला वाटते, आणि ती लावू लागलो की असे दिसते की चाहत्यांची बहुतेक सर्व फिर्याद पोशाख, वय, रंगरूप आणि चालरीत यांविषयी असते. ज्या ठिकाणी खरी अफरातफर झालेली असते तिकडे मात्र त्यांचे लक्ष फारसे जात नाही. पिंग्याचेच पाहा. पिंगा हा मंगळागौरीतला, रात्र जागवणाऱ्या अनेकजणींचा खेळ. पडद्यावर तो दोन नायिकांचा झाला, आणि भोवतीच्या साऱ्या बायका शोभेच्या समयांप्रमाणे मागे उभ्या राहिल्या. काशीबाईंच्या लुगड्याविषयी रकानेच्या रकाने भरले. मागच्या बायकांची कैफियत कोणी मांडली नाही. माझे आजचे वकीलपत्र त्यांचे आहे.

स्त्रियांच्या एका समूहाची कथा जेव्हा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाते, तेव्हा त्या प्रवासात समूह हरवतो आणि एक चेहरा उरतो, आणि तो चेहराही कधीकधी पुरुषाचा असतो, असे माझे म्हणणे आहे. याची रुजुवात मी पुराव्यांनी करणार आहे.

परदेशचा पुरावा प्रथम घेऊन मोकळा होतो, कारण तो अलीकडचा आणि सरळ आहे. अमेरिकेतील डीसी या चित्रकथा-प्रकाशनाने १९९६ साली 'बर्ड्स ऑफ प्रे' या नावाची मालिका सुरू केली. तिचे मूळ लेखक चक डिक्सन. पुढे २००३ पासून गेल सिमोन या लेखिकेने ती हाती घेतली आणि तिला खरे वैभव आणले. या मालिकेच्या केंद्रस्थानी बार्बरा गॉर्डन नावाची स्त्री आहे. पूर्वी ती बॅटगर्ल म्हणून छपरांवरून उड्या मारीत असे. एका खलपुरुषाच्या गोळीने तिचे पाय गेले, आणि तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत बसून, संगणकांच्या भिंतीसमोर, 'ओरॅकल' या नावाने ती इतर शूर स्त्रियांच्या मोहिमांचे सारे सूत्रसंचालन करते. चालता न येणारी सेनापती आणि तिच्या शब्दावर जगभर फिरणाऱ्या लढवय्या, अशी ही रचना आहे; पथक म्हणजे काय, एकीचे उणे दुसरीने कसे भरून काढावयाचे, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी कल्पना अद्भुतकथांत क्वचितच सापडेल. २०२० च्या फेब्रुवारीत कॅथी यान या दिग्दर्शिकेने या मालिकेच्या नावाचा चित्रपट आणला. त्यात ओरॅकल नव्हती. केंद्रस्थानी होती हार्ले क्विन, जी आधीच लोकप्रिय होती आणि जिची भूमिका करणारी मार्गो रॉबी चित्रपटाच्या निर्मात्यांपैकीही एक होती. कॅसान्ड्रा केन ही मूळ कथेत बापाने शब्दांवाचून वाढविलेली, देहाची भाषा वाचणारी अद्वितीय योद्धी. चित्रपटात ती खिसे कापणारी वटवटी पोर झाली. चाहते चिडले ते मुख्यतः या दोन गोष्टींवरून, आणि या खेपेस त्यांचा बाण नेमका लागला होता असे मी म्हणेन. दुसऱ्या बाजूने बोलणारेही चाहते होते, आणि त्यांचे म्हणणे असे की स्त्रीने लिहिलेला, स्त्रीने दिग्दर्शित केलेला, पुरुषांच्या नजरेसाठी न सजविलेला चित्रपट मिळाला हे काय थोडे झाले? तेही खरे आहे. परंतु पुढची घटना अशी की तिकीटविक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली तेव्हा अवघ्या काही दिवसांत चित्रगृहांच्या यादीतले नाव फिरविण्यात आले आणि 'हार्ले क्विन' हे दोन शब्द पुढे, पथकाचे नाव मागे, अशी नवी पाटी लागली. अंतर्वस्त्राची शिवण उलटी करून दाखवावी तसे व्यवसायाचे मन त्या पाटीवर दिसले. समूह विकला जात नाही; चेहरा विकला जातो.

आमच्या पिढीला या गोष्टीचे नवल वाटू नये. १९६४ पासून पुढे इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मॅन्ड्रेक आमच्या घरांत शिरले, आणि त्या दोघांच्याही कथांत स्त्रियांचे स्थान वाग्दत्त वधूचे होते. शूर स्त्री पडद्यावर नव्हती असे नाही. १९३५ ची 'हंटरवाली' नादिया होती, आणि १९३६ साली प्रभातच्या 'अमरज्योती'त शांतारामबापूंनी दुर्गा खोट्यांना सौदामिनी नावाची सागरी दरोडेखोर करून दाखविले होते. राज्याचा कायदा स्वतःचे मूल आईच्या ताब्यात देत नाही म्हणून समुद्रावर बंड पुकारणारी ती स्त्री आजही मला आपल्या चित्रसृष्टीतली सर्वांत तेजस्वी व्यक्तिरेखा वाटते. पण नादिया काय किंवा सौदामिनी काय, विजेप्रमाणे त्या एकट्याच चमकल्या. स्त्रियांच्या पथकासाठी आपल्याला फार मागे जावे लागते.

मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य नवरात्रात आपल्याकडे घरोघरी वाचले जाते. त्याचा आठवा अध्याय मी आज भक्ताच्या नव्हे तर पटकथाकाराच्या नजरेने वाचावयास सांगतो. देवी त्याचा राग मानणार नाही. रक्तबीज नावाचा असुर आहे, त्याच्या रक्ताचा एकेक थेंब भुईवर पडला की त्यातून त्याच्याएवढाच दुसरा असुर उभा राहतो. देवांच्या शरीरांतून त्यांच्या शक्ती, म्हणजेच मातृका, स्त्रीरूपाने बाहेर पडतात आणि युद्धभूमीवर येतात. पुराणकाराने येथे जी दक्षता घेतली आहे ती पाहण्यासारखी आहे. ब्रह्माणी हंसाच्या विमानातून येते आणि कमंडलूचे पाणी शिंपडून शत्रूचे बळ हरण करते. माहेश्वरी बैलावर, हाती त्रिशूळ. कौमारी मोरावर, हाती शक्ती. वैष्णवी गरुडावर चक्र घेऊन. ऐंद्री हत्तीवर वज्र घेऊन. वाराही मुसंडी मारते आणि दातांनी फाडते. नारसिंही नखांनी विदारण करीत गर्जत फिरते. चंडिकेच्या स्वतःच्या देहातून निघालेली शक्ती तर प्रत्यक्ष शिवालाच दूत म्हणून असुरांकडे धाडते, आणि त्यावरून तिला शिवदूती हे नाव पडते. महादेवाला निरोप्याचे काम सांगणारी ही स्त्री कोणत्याही पटकथाकाराने हातची सोडू नये.

आणि या पथकाची रणनीतीही साधी नाही. मातृका जितक्या शौर्याने रक्तबीजावर प्रहार करतात तितके रक्त सांडते, आणि तितके असुर वाढतात. म्हणजे एकेकीचे पराक्रम बिनचूक असूनही संकट वाढतच जाते. शेवटी चंडिका घाव घालते आणि काली आपले विशाल मुख पसरून ते रक्त भूमीला लागण्याआधीच पिऊन टाकते, तेव्हा कुठे तो असुर पडतो. नुसते शूर असून चालत नाही, एकीने घाव घालताना दुसरीने तोंड उघडून उभे राहावे लागते, हे युद्धशास्त्र पुराणकाराला ठाऊक होते.

येथे माझ्या विरुद्ध पक्षाचा वकील उठून उभा राहील आणि म्हणेल की महाशय, आपण दहावा अध्याय वाचलेला दिसत नाही. मी तो वाचलेला आहे, आणि ती अडचण खरी आहे. निशुंभ पडल्यावर शुंभ देवीला टोमणा मारतो की तू इतरांच्या बळावर लढतेस आणि फुकट गर्व करतेस. तेव्हा देवी उत्तर देते की या जगात मी एकटीच आहे, या साऱ्या माझ्याच विभूती आहेत, आणि पाहता पाहता त्या सर्व मातृका तिच्या देहात लीन होतात. म्हणजे पथक मोडून एक चेहरा करण्याची वहिवाट खुद्द पुराणानेच घालून दिली, असा युक्तिवाद करता येईल. माझे उत्तर क्रमाविषयी आहे. पुराणकाराने आधी प्रत्येकीला तिचे वाहन दिले, तिचे आयुध दिले, लढण्याची तिची स्वतंत्र तऱ्हा दिली, रणांगणावर तिचा हिस्सा मोजून दिला, आणि त्यानंतर, तेही शत्रूच्या टोमण्यानंतर, त्यांचा एकीत लय केला. चित्रपट लय आधी करतो, आणि मग उरलेल्या वेळात मातृकांना दोन-दोन वाक्ये देतो. अद्वैत हा सिद्धांत आहे. तो आळसाचा बहाणा होऊ नये.

आता वेरूळास चलावे. पोथीतून पाषाणात जाणे हेही माध्यमांतरच होय, आणि आपल्या शिल्पकारांनी या पथकाचे काय केले हे पाहण्याजोगे आहे. 'रावण की खाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १४ क्रमांकाच्या लेण्यात, रामेश्वर नावाच्या २१ व्या लेण्यात, आणि इतरत्रही सप्तमातृकांचे पट आहेत. पोथीत रणभर धावणाऱ्या, नखांनी फाडणाऱ्या या स्त्रिया येथे ओळीने, शांतपणे बसल्या आहेत. वाहने पायांशी छोटी होऊन बसली आहेत, आणि काही ठिकाणी त्यांच्या मांडीवर वा शेजारी मूल आहे. ओळीच्या एका टोकाला वीरभद्र आणि दुसऱ्या टोकाला गणपती, असा बंदोबस्त बहुधा सर्वत्र ठेवलेला असतो. मला त्या अनामिक शिल्पींविषयी अपार आदर आहे आणि त्या मूर्तींच्या सौंदर्यापुढे मी नेहमीच निःशब्द झालो आहे. तरी चाहता या नात्याने माझी हरकत नोंदवून ठेवतो की यांची लढाई कोठे गेली? लढाईतून मातृत्व उरले, आणि मातृत्वाला दोन्ही बाजूंनी पहारा बसला. अर्थात राजांना त्यांचे हेच रूप हवे होते. चालुक्य आपल्या ताम्रपटांत सप्तमातृकांनी आपले पालन केले असे अभिमानाने कोरवितात, आणि पालन करावयाला माता लागते, नखाळ योद्धी नव्हे. आश्रयदात्याच्या गरजेप्रमाणे कथा वळते, हा नियम हॉलिवुडच्याही आधी दीड हजार वर्षांचा आहे. एक गोष्ट मात्र शिल्पींच्या बाजूने सांगितलीच पाहिजे: त्यांनी सातांच्या सात ठेवल्या, एकसारख्या उंचीच्या, आणि कोणा एकीला ओळीतून पुढे काढले नाही.

गावकऱ्यांनी तर याहून काटकसर केली. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहाजवळ, तळ्याच्या बांधावर शेंदूर फासलेले सात दगड ओळीने मांडलेले तुम्ही पाहिले असतील. त्या साती आसरा. त्यांना चेहरा नाही, वाहन नाही, आणि गावातल्या बहुतेकांना त्यांची वेगवेगळी नावेही सांगता येणार नाहीत. त्यांचा दरारा मात्र सातजणींचा मिळून आहे. पोहायला जाणाऱ्या पोराला आई एकीचे नाव घेऊन भिववीत नाही. शेजारी कुठे म्हसोबा बसलेला असतो, म्हणजे राखणदार येथेही आहेच. पण समूहाला समूह म्हणून पाहण्याची रीत या सात अनघड दगडांत जितकी शिल्लक आहे, तितकी आपल्या कोणत्याही चित्रशाळेत नाही.

मराठी चित्रपटाने या दिशेने अलीकडे दोन पावले टाकली, आणि ती दोन्ही मंगळागौरीच्या अंगणातून टाकली हे लक्षणीय आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' आला. सुहास जोशींपासून सायली संजीवपर्यंत वेगवेगळ्या वयांच्या सातजणी विलायतेच्या सहलीस निघतात आणि बरोबर सहल नेणारा एक तरुण असतो. त्या तरुणाला पाहून मला वेरूळच्या ओळीतला गणपती आठवला, आणि गणपतीप्रमाणेच तो निरुपद्रवी व लोभस होता हेही कबूल करतो. २०२३ च्या जूनअखेरीस केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला, त्यात एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने यांच्यासारख्या समर्थ नटींपैकी एकीलाही कथेने बाकीच्यांवर चढविले नाही. प्रत्येकीला तिचे दुखणे दिले, तिचे भांडण दिले, आणि फुगडी घालताना तिचा हात पकडावयास दुसरी दिली. यांपैकी कोणाच्याही अंगी अतिमानवी सामर्थ्य नाही, हे उघड आहे. रजोनिवृत्तीने बेजार झालेली बाई स्पर्धेत उतरते यालाच सामर्थ्य म्हणावयाचे असेल तर गोष्ट वेगळी, आणि तसे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

त्या चित्रपटाविषयी चाहत्यांचे मत काय, हे विचारावयास कोणाकडे जाण्याचे कारण पडले नाही. भिशीच्या, भजनी मंडळाच्या, शाळेतल्या जुन्या वर्गाच्या, अशा टोळ्या करून बायका चित्रगृहांत गेल्या. नऊवारी नेसून, नथ घालून, वर काळे चश्मे लावून गेल्या, आणि खेळ संपल्यावर बाहेरच्या मोकळ्या जागेत फेर धरून नाचल्या. कित्येक वर्षांत मराठी चित्रपटाला असा धंदा लाभला नव्हता. समूह विकला जात नाही, असे जे अमेरिकेतल्या पाटीने सांगितले होते, त्याचे हे मराठी खंडन होय. त्यातल्या त्यात मर्म असे की पडद्यावरच्या पथकाला पाहण्यासाठी प्रेक्षागृहातही पथकच आले. एका नायिकेवर लुब्ध होणारा चाहता एकटा येऊ शकतो, सहाजणींवर लुब्ध होणारीला शेजारच्या पाच खुर्च्याही लागतात.

आता जे प्रकरण सांगावयास मन कचरते, परंतु जे टाळले तर हे व्याख्यान नागपुरात देण्याचा मला अधिकार राहणार नाही, त्याकडे वळतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार मारले. वर्षानुवर्षे त्याने त्या वस्तीवर, आणि विशेषतः तेथल्या स्त्रियांवर, अनन्वित अत्याचार केले, आणि पोलिसांकडे दाद मागून काही झाले नाही, ही त्या वस्तीची कैफियत होती. मी कायद्याचे राज्य मानणारा मनुष्य आहे आणि न्यायालयाच्या आवारात झालेली हत्या ही हत्याच, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. त्याचबरोबर, त्या स्त्रियांना देवी किंवा रणरागिणी म्हणून आरती ओवाळणे हाही मला त्यांच्यावरचा अन्याय वाटतो. ज्यांना रात्री दाराला कडी लावून निर्धास्त झोपता आले असते तर ज्या त्या दिवशी न्यायालयात फिरकल्याही नसत्या, त्या सामान्य बाया होत्या. त्यांना अतिमानवी ठरविले की पोलिस चौकीवरची जबाबदारी आपोआप माफ होते.

परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने त्या घटनेत एक विलक्षण गोष्ट आहे. अटकसत्र सुरू झाले तेव्हा वस्तीतल्या स्त्रिया पुढे येऊन म्हणू लागल्या की आम्हां सर्वांनाच धरा. कायद्याच्या यंत्रणेला नाव लागते: कोणी, कोणत्या हाताने, कोणत्या हत्याराने. त्या स्त्रियांनी यंत्रणेला नाव दिले नाही, संख्या दिली. वृत्तपत्रांनी लागलीच एक सुशिक्षित तरुणी शोधून तिची छायाचित्रे छापली, कारण वृत्तपत्रालाही चेहरा लागतो. पण समूहाने आपली घडी मोडू दिली नाही. दहा वर्षांनी, २०१४ साली, सत्र न्यायालयाने हयात असलेल्या सर्व आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले.

या घटनेवर पडद्यासाठी निदान तीन कृती झाल्या. २०१५ साली तेलुगूत जो चित्रपट निघाला त्याचे नाव 'कीचक'. महाभारतातला कीचक भीमाच्या हातून मेला, सैरंध्रीच्या नव्हे, ही आठवण शीर्षक ठेवणाऱ्यास झाली की नाही कोण जाणे. आपल्याला खाडिलकरांच्या 'कीचकवधा'मुळे ती चटकन होते. २०२२ साली उमेश विनायक कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली एक माहितीमालिका आली, तिच्यात वस्तीतल्या स्त्रिया स्वतः बोलतात आणि म्हणून ती मला तिघींत सर्वांत मोलाची वाटते. पण ज्या मालिकेचा ती भाग आहे तिचे नाव 'इंडियन प्रिडेटर', म्हणजे पाटीवर पुन्हा शिकारी पुरुषच. राहिला २०२१ च्या ऑगस्टमधला, सार्थक दासगुप्ता यांचा '२०० हल्ला हो'. या एकाच कृतीने शीर्षकात आकडा घालण्याचे धैर्य दाखविले, याबद्दल मी त्यांचे मनापासून अभिनंदन करतो. रिंकू राजगुरूने त्यात वस्तीतली शिकलेली मुलगी उभी केली आहे. आणि तरीही चित्रपट पाहू लागलो की थोड्याच वेळात आपण अमोल पालेकरांनी रंगविलेल्या निवृत्त न्यायाधीशाच्या मागोमाग चालू लागतो. त्याची चौकशी, त्याची द्विधा, त्याची जागी झालेली सदसद्विवेकबुद्धी. पालेकरांचे काम इतके संयत आणि सुंदर आहे की तक्रार करावयास जीभ रेटत नाही. पण दोनशेंतल्या किती जणींची नावे प्रेक्षकाला बाहेर पडताना सांगता येतात? येथे वीरभद्र ओळीच्या टोकाला बसून राहिला नाही, तो मध्यभागी येऊन बसला.

निर्मात्याची बाजू मला कळते. दोन तासांत दोनशे माणसे ओळखीची होऊ शकत नाहीत, प्रेक्षकाला शिरावयास एक दार हवे असते, आणि भित्तिपत्रकावर छापावयास एक मुद्रा. परंतु सहाजणींचा हिशेब दोन तासांत चोख बसतो हे आपण पाहिले. आणि वीसजणींचा बसविण्याचा यत्न कोणी मनापासून केलेला मला तरी ठाऊक नाही. क्रिकेटचे अकरा खेळाडू ज्याला नावानिशी पाठ असतात, त्या प्रेक्षकाला आठ बायका लक्षात राहणार नाहीत हे मला पटत नाही.

ज्यांना यत्न करावयाचा असेल त्यांच्यासाठी विषय नागपुरातच पडून आहे. १९४२ च्या जुलै महिन्यात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद येथे भरली, आणि तिला जोडून २० जुलैला दलित वर्गातील स्त्रियांची परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. सुमारे २५ हजार स्त्रिया जमल्या होत्या असे नमूद आहे. मोटारी आणि विमाने यांचा सुकाळ नसलेल्या त्या काळात, महायुद्ध चालू असताना, पोराबाळांना कडेवर घेऊन त्या आल्या होत्या. त्यांनी केलेले ठराव वाचले तर आजही चकित व्हावे: घटस्फोटाचा हक्क हवा, एका पत्नीच्या हयातीत दुसरी करण्यास कायद्याने बंदी हवी, गिरण्यांत आणि विडीकारखान्यांत राबणाऱ्या बायांना हक्काची रजा हवी. या चळवळीतल्या स्त्रियांना पुढे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी जणी गावोगाव जाऊन भेटल्या, त्यांच्या तोंडून त्यांची हकीकत उतरवून घेतली, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्या ग्रंथात नायिका नाही. एकीमागून एक नाव येते, प्रत्येकीचे गाव, प्रत्येकीचे शिक्षण किंवा शिक्षणाचा अभाव, प्रत्येकीने केलेले एखादे काम. आणि शे-दीडशे पानांनंतर वाचकाच्या ध्यानात येते की आपण एका सेनेची हजेरीपटावरून ओळख करून घेत आहो. देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायाची ती रीत आहे: आधी प्रत्येकीचे वाहन आणि आयुध.

असा चित्रपट कोणी काढलाच, तर त्याच्या चाहत्यांपैकी मी पहिला, आणि म्हणून मोजणीदार येण्याआधीच माझ्या हरकती दाखल करून ठेवतो. त्या परिषदेत बाबासाहेबांचे भाषण झाले होते, आणि कळसाध्याय म्हणून त्या भाषणाकडे धाव घेण्याचा मोह दिग्दर्शकाला होईल. त्याने ते भाषण अवश्य दाखवावे, पण कॅमेरा ऐकणाऱ्यांच्या ओळींत बसवावा आणि तेथून लवकर उठू नये. ठराव एका धीट, देखण्या, शहरी वळणाच्या मुलीच्या तोंडी एकत्र घालू नयेत. घटस्फोटाचा ठराव एकीने मांडावा, रजेचा दुसरीने, आणि त्याला अनुमोदन देण्यास तिसरी उभी राहिली की तिला बोलावयास पुरेसा अवकाश द्यावा, मग तेवढ्यासाठी गाणे कमी करावे लागले तरी चालेल. एखाद्या सहृदय पुरुष वार्ताहराची कल्पित भूमिका घालून त्याच्या डोळ्यांनी ही परिषद पाहण्याची युक्ती कोणाला सुचेल, तर ती सुचल्याबरोबर टाकून द्यावी. आणि एम्प्रेस मिलच्या पाळीवरून थेट मांडवात आलेल्या नागपूरच्या बाया जर पडद्यावर 'काऊन' न म्हणता 'का गं' म्हणू लागल्या, तर पहिल्याच खेळाला मी खुर्चीवरून उठून तक्रार करीन, आणि माझ्या शेजारी आमच्या घरातल्या साऱ्या बायका बसलेल्या असतील, तेव्हा ती तक्रार एकट्याची असणार नाही.